बारा ते तीनची रात्र

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला असतो. कळमेश्वरच्या बाजारात दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली असतात, दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडायची कोणाची हिंमत नसते आणि निघणाऱ्याच्या खिशात घरातलं कोणीतरी कांदा कोंबतंच. नागपूरच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२-४३वर असणं रोजचंच. २०१३च्या मेमध्ये तर तो ४७.९पर्यंत गेला होता.

याच दिवसांत, २६ मेच्या आगेमागे, इथे एक गंमत घडते. दुपारी बारा वाजून साधारण दहा-अकरा मिनिटांनी सूर्य खरोखरच डोक्यावर येतो. जरासुद्धा कललेला नसतो. विजेच्या खांबाची सावली त्याच्याच बुंध्यात गडप होते. अंगणात उभा पेला ठेवा, त्याची सावली शोधून सापडणार नाही. जुलैच्या मध्यावर हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग तो झाकून टाकतात. मेमध्ये आकाश मोकळं असतं. एवढा प्रकाश वर्षभरात दुसऱ्या कुठल्या क्षणी पडत नसेल.

आणि नेमक्या त्याच क्षणी, फेटरीच्या रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर, नागपूरच्या टॉकीजमध्ये बाराच्या शोच्या जाहिराती चालू असतात. आत मिट्ट काळोख!

थांबा, हे वाटतं तितकं साधं नाही. रात्र करायची तर निसर्गाला अख्खी पृथ्वी अर्धी फिरवावी लागते. आपण मात्र सूर्य ऐन डोक्यावर असताना चार भिंतींच्या आत रात्र तयार करतो, ती तीन तास टिकवतो आणि तिकीट लावून विकतो. ही रात्र बनते कशी? आणि मुळात ती बनवायची गरज कोणाला पडली?

खेळ करायला अंधार हवाच, असं माणसाला पूर्वी मुळीच वाटत नव्हतं. लंडनचं ग्लोब नाट्यगृह १५९९मध्ये उभं राहिलं, त्याच्या मधल्या चौकावर छप्परच नव्हतं. खेळ दुपारी दोनच्या सुमाराला सुरू व्हायचा. ‘मॅकबेथ’मधला राजाचा खून मध्यरात्रीचा आणि बघणाऱ्यांच्या डोक्यावर लख्ख ऊन! मग रात्र दाखवायची कशी? एखादा नट पेटती मशाल घेऊन यायचा, अंधाराबद्दल चार वाक्यं बोलायचा आणि झाली रात्र. बाकीची प्रेक्षकांनी आपापल्या मनात करून घ्यायची.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? भाऊबीज झाली की पूर्व विदर्भात गावोगावी मंडई भरते. दिवसाढवळ्या, धुळीत, बाजाराच्या गलक्यात दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं रंगतात. याच भागातलं झाडीपट्टीचं नाटक मात्र रात्रीचं, वडसा गावच्या नाटकमंडळ्या पहाटेपर्यंत खेळ ओढतात. जिवंत माणूस समोर नाचत असेल तर त्याला ऊन काय आणि कंदील काय, दोन्ही चालतात.

भरतमुनींनी मात्र वेळेचा काटेकोर विचार केला होता. कोणत्या जातीचा खेळ सकाळी करावा, कोणता दुपार कलल्यावर, कोणता सांजेला, हे नाट्यशास्त्रात सांगितलं आहे. वर्ज्य वेळाही दिल्या आहेत: मध्यरात्र, तिन्हीसांज, जेवणाची वेळ आणि भर मध्यान्ह! म्हणजे बाराच्या शोवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच बंदी घातलेली. पण पुढे एक पळवाटही ठेवली आहे. आश्रयदात्याने आज्ञा केली तर वेळ-काळ न बघता खेळ लावावा. नाटकाचा धंदा भरतांना चांगलाच कळत होता म्हणायचा.

त्याच ग्रंथात नाट्यमंडप कसा असावा हेही आहे. डोंगरातल्या गुहेसारखा, लहान झरोक्यांचा, वारा न शिरणारा. हेतू आवाजाचा होता, तो घुमावा आणि बाहेर विरून जाऊ नये. पण बघा, मध्यान्ह वर्ज्य सांगणाऱ्या ग्रंथानेच मध्यान्हीच्या शोला लागणाऱ्या इमारतीचा आराखडा देऊन ठेवला. गुहेत ऊन कुठून येणार?

मग सिनेमा आला आणि सगळंच उलटंपालटं झालं.

२८ डिसेंबर १८९५ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला, तो एका कॅफेच्या तळघरात. त्या दालनाचं नाव काय असावं? ‘इंडियन सलाँ’! सहा-सात महिन्यांतच ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तोच चमत्कार उतरला. खेळांच्या वेळा होत्या संध्याकाळी सहा, सात, मग रात्री नऊ आणि दहा. दुपारचा एकही नाही. पुढे महाराष्ट्राच्या जत्रांमधून तंबूतला सिनेमा फिरू लागला, त्याची अवस्थाही तीच. तंबू उभा, मशीन तयार, समोर गर्दी, आणि सगळे वाट कोणाची बघताहेत तर सूर्य मावळण्याची. कापडी तंबूत दिवसा पिक्चर दाखवणं कोणालाच जमत नाही. का जमत नाही?

याचं उत्तर पडद्यावर आहे. शो सुरू होण्याआधी पडद्याकडे नीट बघा. पांढरा असतो. आता सांगा, पिक्चरमध्ये नायिकेचे काळेभोर केस दिसतात, काळी मोटार दिसते, अमावस्येची रात्र दिसते, तो काळा रंग येतो कुठून? प्रोजेक्टर काळा प्रकाश फेकू शकत नाही, कारण काळा प्रकाश नावाची वस्तूच जगात नाही. जिथे प्रकाश पडत नाही तिथे पडदा जसाच्या तसा उघडा राहतो, आणि त्याच पांढऱ्या कापडाला आपण काळं समजतो. शेजारची जागा उजळलेली असते म्हणून मेंदू ठरवून टाकतो की ही काळी. सिनेमातलं सगळं काळं आपल्या डोक्यात रंगवलेलं असतं.

म्हणून दाराची फट उघडी राहिली की पडद्यावरची अमावस्या क्षणात राखाडी होते आणि मागून आरोळी उठते, ‘ए, पडदा लाव!’ त्या ओरडणाऱ्याला भौतिकशास्त्राची पदवी नसेल, पण नेमकी गोम त्याला कळलेली असते.

आता थोडे आकडे बघा, कारण या गोष्टीतला खरा अचंबा आकड्यांतच आहे. सिनेमाच्या पडद्यावरचा सगळ्यात झगझगीत पांढरा रंग किती उजळ असावा याचं एक प्रमाण ठरलेलं आहे: दर चौरस मीटरला ४८ कँडेला. आणि नवतप्यातल्या बाराच्या उन्हात चुन्याने रंगवलेली पांढरी जमीन किंवा गच्ची? साधारण २५ हजार. म्हणजे पडद्यावर सूर्योदय दाखवला, बर्फाचे डोंगर दाखवले, तरी तो उजेड बाहेरच्या साध्या चुन्याच्या गच्चीच्या पाचशेव्या हिश्शाएवढा. ज्याला आपण ‘भव्य, झगमगता रुपेरी पडदा’ म्हणतो, तो उन्हात नेऊन ठेवला तर त्यावर काही चाललंय हे कळणारसुद्धा नाही.

यात आणखी एक मजा दडली आहे. पडद्यावरचं चित्र ज्या प्रकाशाने घेतलं तो प्रकाश मुळात आला कुठून? अगदी सुरुवातीच्या काळात तो भर दुपारच्या उन्हातूनच यायचा. एडिसनने १८९३मध्ये बांधलेला स्टुडिओ काळ्या डांबरी कागदाने मढवलेला होता. त्याचं छप्पर उघडायचं आणि अख्खी खोली रुळांवर फिरवून सूर्याच्या मागे मागे न्यायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये दादरला ‘राजा हरिश्चंद्र’चं काम काढलं तेव्हाही त्यांचा मुख्य दिवा सूर्यच होता. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांनी तो बघितला, म्हणजे काय केलं? दादरचं ऊन फिल्मवर धरून ठेवलेलं होतं, ते अंधाराच्या खोलीत सोडून बघितलं. चित्र घ्यायचं तर सूर्य हवा आणि तेच चित्र दाखवायचं तर सूर्य नको! एकाच कलेच्या या दोन अटी. कॅमेऱ्यापुढे सूर्याचं काम संपलं की थिएटरच्या दारात त्यालाच अडवायचं.

तो अडवायचा कसा? नुसत्या दाराने भागत नाही, कारण दारातून माणसं ये-जा करणारच. कोणी उशिरा येतो, कोणाला मध्येच उठावं लागतं. जुन्या टॉकीजमध्ये शिरताना आठवून बघा. बाहेरचं दार, मग छोटासा बोळ, बोळाला वळण, मग जाड मखमली पडदा आणि मग हॉल. ते वळण उगाच नसतं. प्रकाश सरळ जातो, त्याला वळता येत नाही. कोपऱ्यापलीकडे जायचं तर भिंतीवर आपटून उडी मारावी लागते. आणि भिंत असते गडद, समजा दहा टक्केच प्रकाश परत फेकणारी. पहिल्या उडीत दहावा हिस्सा उरला, दुसऱ्या उडीत शंभरावा, तिसऱ्या उडीत हजारावा. एक लाख लक्सचं ऊन (लक्स म्हणजे पडणारा प्रकाश मोजायचं एकक) दोन-तीन वळणांत, एका पडद्यात, संपलं! कुठलंही यंत्र नाही, वीज नाही, फक्त वाकडा बोळ आणि गडद रंग. हवा आत आणणाऱ्या नळांनाही अशीच वळणं देता येतात. हवेला वळता येतं, प्रकाशाला येत नाही. सगळा डाव या एका फरकावर उभा आहे.

सूर्य बाहेर ठेवला. आता आत उजेड कोणाचा? तर दुसऱ्या सूर्याचा!

अनेक वर्षं आपल्या टॉकिजांच्या केबिनमध्ये कार्बनच्या कांड्या जळत. दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, टोकं टेकवायची, वीज सोडायची आणि जराशी फट पाडायची. त्या फटीत विजेची कमान पेटते आणि कांडीचं टोक साडेतीन हजार अंशांच्या पुढे तापतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांचा. म्हणजे नागपूरच्या दुपारी, पत्र्याच्या पेटीत, नखाएवढ्या जागेत जवळजवळ सूर्य पेटवून ऑपरेटर शेजारी बसलेला असायचा. त्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. पेटीला लावलेल्या काळ्या काचेतून तो कांड्यांवर नजर ठेवायचा, जळून आखूड होतील तशा पुढे सरकवायचा. त्याचं लक्ष जरा ढळलं की पडद्यावरचं सगळं जग मंद व्हायचं आणि खालून शिट्ट्या सुरू.

त्या प्रखर उजेडापुढून फिल्म जायची. तीन तासांच्या पिक्चरची फिल्म किती लांब? सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे तीन तासांत २ लाख ५९ हजार २०० चित्रं, आणि लांबी जवळजवळ पाच किलोमीटर! ती डब्यांत भरून यायची. विदर्भातल्या थिएटरांना पिक्चर पुरवणारे वितरक अमरावतीला, भुसावळला बसत. सिनेमाच्या धंद्याने या मुलखासाठी ‘सी.पी. बेरार’ हे जे नाव वापरलं ते आजतागायत टिकून आहे. त्या नावाचा प्रांत नकाशावरून जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पिक्चरच्या बाजारात तो अजून नांदतो आहे. कधी कधी दोन टॉकीजमध्ये मिळून एकच प्रिंट असायची. मग पहिल्या टॉकीजमध्ये रीळ संपलं की पोरगा डबा सायकलला लावून भर उन्हात दुसरीकडे पळवायचा. त्याची सायकल पंक्चर झाली की तिकडची नायिका अर्ध्या गाण्यात अडकलीच.

पण पाच किलोमीटर फिल्म दिव्यापुढून नुसती सरसर ओढली तर पडद्यावर काय दिसेल? काहीही नाही. नुसता करडा फराटा. चित्र दिसायचं तर ते थांबलं पाहिजे. म्हणून फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबते आणि २४ वेळा झटक्याने पुढे सरकते. सरकायला मिळणारा वेळ सेकंदाचा सुमारे ९६वा भाग! ही थांब-चालीची युक्ती लुई ल्युमिएरला कुठे सापडली? शिवणयंत्रात. सुई खाली आली की कापड थांबतं, सुई वर गेली की एक टाका पुढे सरकतं. शिंप्याच्या दुकानातलं यंत्र जगभरच्या सिनेमाचं मूळ निघालं.

आणि फिल्म सरकत असताना? तेव्हा दिव्यापुढे एक फिरतं पातं येतं आणि उजेड पूर्ण तोडतं. सरकणं कोणाला दिसता कामा नये. त्यातही खुबी अशी की पातं फक्त सरकतानाच आड येत नाही. चित्र स्थिर उभं असतानाही ते मध्येच एकदा आड येऊन जातं. म्हणजे प्रत्येक चित्र दोनदा चमकतं, सेकंदाला ४८ चमका. २४ चमकांची लुकलुक डोळ्यांना खुपते, ४८ची एकसलग वाटते.

आता हिशेब करा. पातं साधारण निम्मा वेळ दिव्याच्या आड असतं. म्हणजे तीन तासांच्या पिक्चरमध्ये जवळपास दीड तास पडद्यावर काहीच नसतं! पूर्ण काळोख. तुम्ही तिकिटाचे पैसे भरून दीड तास अंधार बघून आलात आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही. स्थिर चित्रांमधल्या गाळलेल्या जागा मेंदूने परस्पर भरून काढल्या. पडद्यावर घोडा कधी धावलाच नव्हता, तो तुमच्या डोक्यात धावला.

इथे मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट येते. उजेड जितका प्रखर, तितकी लुकलुक डोळ्यांना लवकर पकडता येते. मंद उजेडात ४८ चमका एकसलग दिसतात, पण पडदा दुपारच्या उन्हाइतका झगझगीत केला तर त्याच ४८ चमका लुकलुकताना दिसतील. म्हणजे समजा उन्हावर मात करेल असा अफाट ताकदीचा प्रोजेक्टर बनवून तंबूतल्या लोकांनी दिवसा पिक्चर लावला असता, तरी लुकलुकीने डोकं उठलं असतं. अंधार चित्राला उठाव देतो हे आपल्याला माहीत होतं. चित्राची हालचाल सलग दिसायलाही अंधाराचाच हातभार लागतो, हे कोणाच्या ध्यानात येतं?

हॉल तयार, उजेड तयार, फिल्म तयार. राहिला तुमचा डोळा. बाराच्या शोत त्याची जी परीक्षा होते ती नऊच्या शोत कधीच होत नाही.

बाहेर एक लाख लक्स, आत कसाबसा एखादा. एक पडदा बाजूला सारला आणि पाच पावलांत प्रकाश एक लाख पटीने घटला! तुम्ही दारात ठेचकाळता, समोरच्याच्या पायावर पाय देता, रिकामी समजून कोणाच्या तरी मांडीवर बसता बसता वाचता. बाहुली झटकन मोठी होते, पण तिची धाव तोकडी. ती फार तर पंधरापट जास्त प्रकाश आत घेईल. उरलेलं सगळं काम डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडपेशींना करावं लागतं. त्यांच्यात एक जांभळट रसायन असतं, प्रकाश पडला की ते खर्च होतं. ते रांजणातल्या पाण्यासारखं आहे: उन्हाने रांजण एका लाथेसरशी उपडा केला, आणि भरायचा तो थेंबाथेंबाने. पुरता भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे कळमेश्वरहून उन्हातान्हात आलेल्या माणसाचे डोळे पूर्ण सरावेपर्यंत पिक्चर चांगलाच पुढे गेलेला असतो.

आणि एकदा रांजण भरला की काय ताकद येते! एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या सगळ्यात लहान कणाचीसुद्धा, दखल दंडपेशी घेऊ शकते. लाल प्रकाश मात्र तिला जवळजवळ दिसत नाही. म्हणून पायऱ्यांच्या कडेला बारीक लाल दिवे असले तर पाय ठेवायला जागा दिसते आणि सरावलेल्या डोळ्यांची मेहनतही फुकट जात नाही. डोअरकीपरकाकांच्या टॉर्चचा झोतही जमिनीलगत धरलेला असायचा. ‘खाली बघून या, भाऊ’ म्हणत ते रांगेच्या टोकाशी नेऊन सोडायचे. बसलेल्या पाचशे माणसांच्या डोळ्यांतले रांजण न सांडता एका माणसाला वाट दाखवण्याची ती कसबी हातोटी होती.

अंधार झाला, चित्र झालं, पण नवतप्यात बंद खोलीत तीन तास कोण बसेल? खिडक्या नाहीत, वरून पत्रा तापलेला आणि आत माणसं. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ८०० माणसांचा हाऊसफुल शो म्हणजे ८० किलोवॅटची भट्टी. न्यूयॉर्कमध्ये याच कारणासाठी उन्हाळ्यात थिएटरं बंद ठेवत. १९२५मध्ये विलिस कॅरियरने तिथल्या रिव्होली थिएटरात गारवा करणारं यंत्र बसवलं आणि चित्र पालटलं. लोक पिक्चर कोणता हे न विचारता आत शिरू लागले. मुंबईत १९३३ साली कुलाब्याचं रीगल वातानुकूलित होऊन उभं राहिलं.

विदर्भाने मात्र स्वतःचा तोडगा काढला: कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्श्याच्या ओल्या जाळीतून बाहेरची हवा ओढायची. पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता पिऊन टाकतं. किती? एक लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता नेतं की तेवढ्यात सात लिटर पाणी चुलीवर उकळलं असतं. आणि गंमत अशी की हवा जितकी कोरडी तितका कूलर जोरात चालतो. मुंबईची दमट हवा कूलरला दाद देत नाही. पण ४४ अंशांची, ठणठणीत कोरडी, कानशिलं भाजणारी आपली हवा त्याच जाळीतून २७-२८ अंशांवर उतरते. म्हणजे बाहेरच्या झळा जितक्या वाईट, तितका आतला गारवा चांगला! उन्हाळ्याचं हत्यार काढून त्याच्यावरच उलटवलं आहे.

एवढी खटपट करून तयार केलेल्या या दुपारच्या रात्रीत बसायचं कोण? ज्यांची रात्र मोकळी नसते ते सगळे. रात्रपाळी करून आलेला कामगार. कॉलेज बुडवलेली पोरं. घरचं आवरून निघालेल्या आणि दिवेलागणीच्या आत परतायचं असलेल्या बायका. आणि गावाकडची माणसं, कारण रात्रीचा शो बघितला तर परतीची एसटी मिळत नाही, बारा ते तीन बघितला तर बाजार करूनही घरी पोचता येतं. थिएटरवाल्याचा हिशेबही सरळ असतो. पगार द्यायचेच आहेत, पिक्चर भाड्याने आणलेलाच आहे. दुपारची रिकामी खुर्ची उचलून रात्री विकता येत नाही. म्हणून दुपारी तिकीट कमी, जुने पिक्चर, डब केलेले पिक्चर, काहीही लावा पण खुर्ची भरा.

या कोपऱ्यात ढकललेल्या वेळेने काय करून दाखवावं? मुंबई सेंट्रलसमोरचं मराठा मंदिर थिएटर बघा. २० ऑक्टोबर १९९५ला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ लागला, आणि पुढे वर्षानुवर्षं तो तिथे साडेअकराच्या खेळाला चालत राहिला. १२ डिसेंबर २०१४ला १०००वा आठवडा लागला! शेजारी रेल्वे स्टेशन, समोर एसटीचं आगार. दोन गाड्यांच्या मधले तीन तास काढायला अंधार, गारवा आणि ओळखीची गोष्ट, आणखी काय हवं? दुपारची किंमत सरकारलाही उमगली असावी. २०१५मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटांना प्राइम टाइम द्यावा यावरून वाद झाला, तेव्हा आधी संध्याकाळचा धरलेला प्राइम टाइम शेवटी ठरला तो दुपारी बारा ते रात्री नऊ. भरतमुनींनी वर्ज्य केलेल्या घटकेला शासनाने मानाचं पान दिलं.

आता कार्बनच्या कांड्या गेल्या, फिल्मचे डबे गेले. आजच्या अनेक प्रोजेक्टरांत छोट्याशा चिपवर सुमारे २२ लाख आरसे असतात, एकेक आरसा केसाच्या जाडीपेक्षाही लहान. प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा मान वळवतो, कधी पडद्याकडे, कधी पडद्यापासून दूर. पडद्यावर एखादा ठिपका काळा हवा असेल तर तो आरसा आपल्या वाट्याचा उजेड बाजूला फेकून देतो. केवढी ही उलाढाल, आणि शेवटी करायचं काय? पडद्याचा तो भाग पांढराच ठेवून तुम्हाला तो काळा आहे असं पटवायचं. युक्ती १८९५चीच, कामगार तेवढे नवे.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात बाराचं तिकीट काढा आणि तीन गोष्टी करून बघा. आत शिरल्यावर लगेच खुर्ची शोधू नका. दाराच्या पडद्याजवळ मिनिटभर उभे राहा आणि आधी फक्त काळोख दिसणाऱ्या रांगांमध्ये माणसं कशी उगवत जातात ते बघा. पिक्चरमध्ये रात्रीचा प्रसंग आला की त्यातला सगळ्यात काळा भाग निवडून स्वतःला बजावा की हे कापड पांढरं आहे. मेंदू तुमचं ऐकणार नाही. आणि तीन वाजता शो सुटला की घाईने पुढे जाऊ नका, दाराच्या एका बाजूला उभे राहून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे न्याहाळा. अंधारातून एकदम लख्ख उन्हात आल्यावर दर चार-पाच माणसांत एखाद्याला फटकन शिंक येते, धूळ नाही, सर्दी नाही, नुसत्या उजेडाने! हा गुण आईबापांकडून मुलांकडे जातो. अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून लोक याचं कारण शोधताहेत आणि शास्त्रज्ञांमध्ये अजूनही त्यावर एकमत नाही. दाराशी बाप शिंकला की त्याच्या पोराकडे बघा, बहुधा पुढची शिंक त्याचीच.